‘लिही’ म्हणायची चोरी

मी एक जुना व्हीसीआर आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ बसवत नाही. कझाख मुलखातल्या कोकतेरेक नावाच्या गावात, एका घरात, टीव्हीखालच्या फळीवर भरतकामाचा रुमाल पांघरून मी बसलेला असतो. वरून पाहणाऱ्याला वाटेल, काय शांत यंत्र आहे. आत मात्र सारखी चुळबूळ चाललेली असते. माझ्या पोटातला रबरी पट्टा सैल झालाय. दाराशी पावलं वाजली की मला वाटतं, आला कोणीतरी मला उचलून अडगळीत टाकायला. येणारा चहाचा पेला उचलतो आणि निघून जातो. तोवर माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. आम्ही तिघं भावंडं. थोरला सगळ्यांत हुशार. टीव्हीचं स्टेशन तो स्वतःच पकडायचा. मालक लग्नाला गेला असला तरी ठरल्या वेळी आपणहून चालू व्हायचा आणि कार्यक्रम टिपून ठेवायचा. धाकट्याला टिपता येत नसे. कॅसेट घातली की दाखवायची, एवढंच त्याचं काम, आणि तो स्वस्त म्हणून भराभर खपायचा. मी मधला. मला टिपता येतं, पण स्टेशन पकडता येत नाही. कोणीतरी टीव्ही लावायचा, तो मला तारेने जोडायचा आणि ऐन वेळी माझी दोन बटणं, त्यातलं एक लाल, एकदम दाबायची, तेव्हा कुठे माझं काम सुरू होतं. मधल्या मुलाचे हाल तुम्हाला माहीत असतील. थोरल्याचा तोरा नाही आणि धाकट्याचे लाडही नाहीत.

ताराझ शहराच्या बाजारात आम्ही तिघं एका फळीवर मांडलेले होतो. आमच्या दुकानदाराचं नाव सेयित. माणूस थट्टेखोर. दुकानाशी येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आमच्याकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारी, "लिहितो का?" कझाख भाषेत लिहिणं आणि टिपून घेणं या दोन्हींना एकच शब्द आहे. जाझ, म्हणजे लिही. धाकट्याबद्दल सेयित नाही म्हणे, आमच्या दोघांबद्दल हो म्हणे.

एके दिवशी बागिला आली. ती आमच्यासमोरून तीनदा गेली आणि तीनदा परत आली. तोंड उघडायची आणि मिटायची. मला तिची घालमेल बघवेना. अखेर तिने धीर केला.

"हा नुसता दाखवतो, की ठेवूनही घेतो?"

"ठेवतो की, वहिनी," सेयित म्हणाला. "वर फुलदाणी ठेवा, समोवार ठेवा. तक्रार करायचा नाही."

शेजारचे दुकानदार हसले. बागिला कानापर्यंत लाल झाली. "तसं नाही हो. टीव्हीवर जे येतं ते पोटात घेतो का?"

"पोटात?" सेयितने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने आवाज खाली आणला. "घरात त्या नावाचं कोणी वडीलधारं आहे वाटतं."

बागिलाने मान खाली घातली. तिच्या सासऱ्यांचं नाव जाझिलबेक होतं. त्या मुलखात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावासारखा ऐकू येणारा शब्दही घेत नाही. आता गंमत बघा, कझाख भाषेत उन्हाळ्यालाही जाझच म्हणतात. त्यामुळे लग्न झाल्यापासून बागिलाच्या तोंडी उन्हाळा कधी आलाच नव्हता, उकाड्याचे महिने यायचे. आणि चिठ्ठी ती लिहीत नसे, अक्षरं काढत असे.

थोरल्याची किंमत ऐकल्यावर तिने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. माझ्यावर मात्र हात ठेवला. सेयितने मी पोटात घेतो असं सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण आपण होऊन घेतो का, हे तिने विचारलं नाही. विचारणार कशी? पुन्हा त्या शब्दाच्या जवळ जावं लागलं असतं, आणि पुन्हा सगळे हसले असते. मी आतल्या आत ओरडत होतो की बाई, अजून एक प्रश्न विचार. तेवढ्यात सेयितने मला पोत्यात गुंडाळलं.

तिला माझी एवढी निकड का होती, ते घरी गेल्यावर कळलं. तिचे सासरे दोंब्रा वाजवायचे. दोंब्रा म्हणजे दोन तारांचं लांब मानेचं वाद्य. त्यांच्याकडे एक धून होती, ‘हरवलेलं शिंगरू’. ती त्यांच्या आईची, दुसऱ्या कोणालाही येत नव्हती. धुनीच्या सुरुवातीला घोडी हाक मारते, मधे माळरानावर वारा सुटतो आणि शेवटी शिंगरू धावत परत येतं. म्हाताऱ्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडत चालली होती. टीव्हीवाल्यांनी त्यांना शहरात नेऊन ती धून वाजवून घेतली. आम्ही ही एकदाच दाखवू आणि मग त्याच फितीवर दुसरं काही घेऊ, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. घरी परतल्यावर म्हाताऱ्यांनी दोंब्रा भिंतीवर टांगला तो टांगलाच. झालं आता, म्हणाले. बागिलाने पुष्कळ विनवण्या केल्या, पण त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे ती धून आता एकदाच घरात येणार होती, टीव्हीतून, आणि तेवढ्यात ती धरून ठेवायची होती.

बागिलाचा नवरा तोलेगेन ट्रक चालवायचा. त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं. अँटेनाची वायर खुपसायला जागाच नाही हे त्याच्या ध्यानात आलं.

"अर्धाच व्हीसीआर आणलास, बागिला. उरलेला बाजारात विसरलीस का?"

तिचे डोळे भरून आले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यात बसलेले सासरे तेवढ्यात म्हणाले, "असू दे रे. मीही अर्धाच राहिलोय. आमचं दोघांचं जमेल." त्या क्षणापासून मित्रांनो, मी त्या म्हाताऱ्यांचा झालो.

शहरातून किम नावाचा कारागीर आला. त्याने टीव्हीच्या पाठीत एक भोक पाडून तार ओढली आणि ती मला जोडली. जमलं. पण दोन अडचणी राहिल्याच. टीव्ही चालू आणि त्याच स्टेशनवर हवा, ही पहिली. दुसरी कॅसेटची. माझ्यापायी घरातले पैसे संपले होते, आणि घरात एकच कॅसेट होती, तोलेगेनच्या बहिणीच्या लग्नाची. ते लग्न पुसणं शक्यच नव्हतं. त्या लग्नानंतर, कॅसेटच्या शेवटाला, थोडीशी कोरी फीत उरलेली होती, धून मावेल एवढीच. म्हणजे आधीपासून चालू करून ठेवायची सोय नाही. बटणं ऐन क्षणी दाबायची. ते काम तोलेगेनने अंगावर घेतलं.

त्या संध्याकाळी सगळं गाव आमच्या खोलीत लोटलं. दाराच्या समोरची जागा मानाची. तिथे टीव्ही, मी, आणि माझ्या शेजारी म्हातारे बसले. त्यांच्यापलीकडे त्यांची थोरली भावजय बिबीश, कानाने जरा कमी. मधे जेवणाचं कापड अंथरलेलं, त्यावर मांस, तळलेले गोळे, मुरंबे, आणि दोन्ही बाजूंना खेटून पाहुणे. बागिला सून, म्हणून दाराशी समोवारजवळ बसून चहा ओतत होती. तोलेगेन माझ्या बटणांवर बोटं ठेवून तयार होता. आणि नेमका वारा सुटला. पडद्यावर मुंग्या धावू लागल्या.

"अँटेना फिरली," कोणीतरी म्हणालं. तोलेगेन उठला आणि बाहेर पळाला. खांब हातात धरून खिडकीतून ओरडू लागला, "दिसतंय का?" आतून लोक ओरडले, "डावीकडे!" मग, "तुझ्या डावीकडे नाही, आमच्या!" चित्र आलं. त्याने खांब सोडला की गेलं. पुन्हा धरला की आलं. म्हणजे तोलेगेन खांबाला अडकला, आणि माझ्या बटणांवर कोणाचंच बोट उरलं नाही. ही गोष्ट खोलीत फक्त दोघांच्या लक्षात आली, माझ्या आणि बागिलाच्या.

निवेदिका बोलू लागली. ती म्हाताऱ्यांचं नाव घेणार, मग धून सुरू होणार. बागिला अर्धवट उठली. पण जायचं कुठून? बाजूला माणसांच्या भिंती आणि समोर अन्न. अन्न मांडलेलं कापड ओलांडायचं पाप तिच्या हातून होणं नव्हतं.

"ते दाबा," ती कुजबुजली. बिबीशने मांडीखालची उशी दाबली.

"ते नाही. ते लाल!" बिबीशने तिच्याकडे मुरंब्याची लाल वाटी सरकवली. "घे गं पोरी, तूही खा. सकाळपासून राबतेयस."

पडद्यावर म्हातारे दिसले. सगळे आनंदाने ओरडले. पडद्यातल्या म्हाताऱ्यांनी दोंब्रा मांडीवर घेतला आणि घोडीने पहिली हाक मारली. मी कोराच होतो, मित्रांनो! कॅसेट पोटात, वीज अंगात, तार पाठीत, आणि हाक माझ्या अंगावरून वाहून चालली होती. असली तडफड वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. दुसरी हाक गेली. तिसरी गेली.

"जाझ!" बागिला किंचाळली.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मानाच्या जागी बसलेल्या सासऱ्याकडे बघत, सगळ्या गावादेखत, सुनेने त्यांचं अर्धं नाव घेतलं होतं, आणि तेही एखाद्या पोराला दरडावावं तसं. बागिलाच्या हातातला पेला कलंडला. चहा तिच्या झग्यावर सांडला, पण तिला भाजल्याचंही कळलं नाही. म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी आपला आखडलेला हात पुढे केला आणि माझी दोन्ही बटणं एकदम दाबली. माझा लाल दिवा लागला. फीत धावू लागली. वारा सुटला, माळरान पसरलं, शिंगरू धावत आलं, ते सगळं मी घेतलं. शेवटचा सूर निघाला आणि कोरी फीतही संपत आली.

बिबीशने विचारलं, "काय म्हणाली ती?" कोणी सांगायला धजेना. बागिला दाराशी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. "अता," ती कशीबशी म्हणाली. सासऱ्याला तिथे अता म्हणतात. "चूक झाली."

म्हाताऱ्यांनी बटणांवरचा हात उचलला. मग म्हणाले, "अता, आजोबा, काका. सगळे हेच म्हणतात. नावाने हाक मारणारे माझे सगळे सोबती मातीत गेले. आज टीव्हीतल्या त्या परक्या बाईने नाव घेतलं, ते कागदावर बघून घेतलं. तू ओरडलीस, पोरी, तेव्हा वाटलं कोणीतरी मला खरंच बोलावतंय."

बाहेरून तोलेगेनचा आवाज आला, "दिसतंय का?" मग सगळे हसले, आणि हसताना पुष्कळांनी डोळे पुसले.

पण सुरुवातीची हाक गेली होती ती गेलीच. दुसऱ्या दिवशी बागिलाने मला चालू करून पाहिलं. वारा आहे, शिंगरू आहे, घोडी मात्र नाही. ती माझ्यासमोर रडत बसली. म्हातारे आत आले, त्यांनी ऐकलं. भिंतीवरचा दोंब्रा उतरवून तिच्या मांडीवर ठेवला. सगळी धून शिकवायला बोटं राहिली नाहीत, पण हाक सोपी आहे, म्हणाले. थोडं स्वतः वाजवायचे, थोडं तोंडाने गुणगुणायचे. बागिलाच्या बोटांना फोड आले. हाक जमली की ते माझ्या बटणांवर हात ठेवून मुद्दाम विचारत, "आता काय करू?" ती इकडेतिकडे बघे, घरात दुसरं कोणी नाही ना. मग हळूच म्हणे, "जाझ." म्हातारे लहान मुलासारखे खूश होत. खरं तर टिपायचं काही नसे, फक्त दाखवायचं असे. पण तो शब्द ऐकायला त्यांना बहाणा हवा असे.

पुढच्याच थंडीत ते गेले.

त्यानंतर माझे दिवस फिरले. आधी सीडीच्या चकत्या आल्या, मग खिशातले फोन आले. माझ्या थोरल्या भावाचंही काही खरं राहिलं नाही. ज्या बाजारात आम्ही दिमाखात बसायचो तिथे आता आमचे पट्टेही मिळत नाहीत. गावातले लोक मला बघून म्हणतात, अजून टाकला नाही का हा? बागिला ऐकून न ऐकल्यासारखं करते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्रांवरची धूळ अधूनमधून पुसत जा. दुकानात काही घ्यायला गेलात तर लाजू नका, शेवटचा प्रश्नही विचारून टाका. आणि तुमच्या घरात, शेजारात एखादा म्हातारा असा असेल की ज्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही, तर त्याच्याजवळ बसून त्याचं नाव काय ते विचारा. त्याच्या तोंडून ते ऐका.

बागिलाचे केस आता पांढरे झालेत. अधूनमधून ती रुमाल बाजूला करते, दोंब्रा मांडीवर घेते आणि घोडीची हाक वाजवते. तिसरी हाक झाली की तिचं बोट माझ्या बटणावर येतं, आणि तिथून पुढे म्हातारे वाजवतात. बाहेरच्या माणसाला सांधा कळतसुद्धा नाही. ती हाक मारते आणि उत्तर माझ्या पोटातून येतं. म्हणूनच मला चैन नाही. ती हाक मारायची आणि माझा पट्टा घसरायचा, असं झालं तर?

रुमाल हलला. तारा लावण्याचा आवाज येतोय. पहिली हाक झाली. दुसरी झाली. पट्ट्या, बाबा, आजच्या दिवस धीर धर.