बोटभर भेग

मित्रांनो, मी एक जुना भुईकाटा आहे. चाकणच्या कांदा बाजाराकडे वळणाऱ्या रस्त्यालगत मला जमिनीच्या पातळीत बसवलं आहे. तुम्ही मला पाहिलंही असेल, पण रस्त्याचाच एखादा लोखंडी तुकडा समजून पुढे गेला असाल. भरलेला ट्रक माझ्या पाठीवर येऊन उभा राहतो आणि शेजारच्या खोलीतल्या यंत्रावर त्याचं वजन उमटतं. वीस वर्षं मी हेच करतो आहे.

माझा जन्म भोसरीतल्या एका शेडमध्ये झाला. जाड पत्रे जोडून माझी पाठ केली, खाली वजन ओळखणारे सहा ठोकळे बसवले, आणि माझ्या चारही कडांना सिमेंटच्या चौकटीपासून बोटभर भेग सोडली. बसवायला आलेल्या मिस्त्रीने मालकांना बजावलं होतं, "मालोजीराव, काटा बाजूला कशालाही टेकता कामा नये. टेकला की खोटं बोलायला लागेल. ही भेग तेवढी साफ ठेवा."

मालोजी इथले जुने शेतकरी. त्यांची बरीचशी जमीन कारखान्यांखाली गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी मला बसवलं आणि पोटच्या पोरासारखं जपलं. "मालोजींच्या काट्यावरची चिठ्ठी म्हणजे डोळे मिटून घ्यायची," असं बाजारात म्हणत. ते ऐकून माझं लोखंडही सुखावायचं.

माणसांचं वजन मला कळतं, मित्रांनो, पण माणसं काही कळत नाहीत. माझ्यावर ट्रक उभा करून ड्रायव्हर खुशाल चहाला जातो आणि मागे सहा गाड्या भोंगे वाजवत बसतात. शिफ्ट गाठायच्या घाईतले मोटरसायकलवाले रस्त्यातला खड्डा चुकवायला, वजन चालू असतानाच माझ्या पाठीवरून जातात. गुटख्याच्या रिकाम्या पुड्या टाकायला तर देवाने माझी भेगच दिली आहे असं सगळ्यांना वाटतं. एकदा एक गृहस्थ माझ्या मधोमध ताठ उभे राहिले आणि खोलीकडे बघून ओरडले, "ओ ताई, आमचं किती भरतंय बघा की!"

"भाऊ, हितं टनात मोजतात," आतून उत्तर आलं. "जरा जेवून या."

ही सना. समोरच्या गॅरेजवाल्या इकबालभाईंची मुलगी. तीन वर्षांपासून ती माझ्या खोलीत बसते. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण रोज सकाळी पहिली गाडी यायच्या आत ती वाकड्या सळईने माझी भेग चारी बाजूंनी साफ करायची. खडे, पुड्या, एकदा तर एक कंगवा. मालोजी हसायचे, "पोरी, काट्याचे दात घासतीस का काय?"

यंदाच्या दसऱ्याला सनाला सुट्टी होती. मालोजी नवा सदरा घालून आले. मला धुतलं, हळदीकुंकू वाहिलं, चारी कडांवर झेंडूची जाड माळ अंथरली. मग नारळ फोडायला दगड आणला. नारळ फोडायला आख्खं चाकण मोकळं होतं, पण त्यांनी तो दगड अगदी माझ्या कडेला ठेवला. माझ्यावर जीव ना त्यांचा! एक नाही, दोन नाही, अकरा नारळ फोडले. नवव्याला दगडाचा टवका उडाला आणि करवंटीच्या तुकड्यासकट सरळ माझ्या भेगेत जाऊन बसला. वरून झेंडू होताच. मालोजींनी मला हात जोडले, तेव्हा माझा डावा कोपरा चौकटीला टेकलेला होता. मला ते कळत होतं, सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सना सळई घेऊन आली. मालोजी दारातच होते. "आजच्या दिवस फुलांना हात लावू नको. पूजेची हायेत. उद्या काढ."

"काका, खालची भेग..."

"एका दिवसानं काय होतंय?"

मोठ्यांचं मन मोडायचं नाही म्हणून ती सळई ठेवून खोलीत गेली. दोन ट्रक वजन करून निघून गेले. तिसरी गाडी कांदा विकायला निघालेल्या आक्काबाईंची. कांद्याची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर त्यांचा मुलगा जयदीप चालवत होता. रिकाम्या गाडीचं वजन गेल्याच आठवड्यात माझ्यावर झालं होतं, ती चिठ्ठी आक्काबाईंच्या कमरेच्या पिशवीत होती. सनाने हिशेब केला आणि सांगितलं, "मावशी, कांदा पंचवीस क्विंटल."

आक्काबाई ट्रॉलीवरून खाली उतरल्या. "किती?"

"पंचवीस."

"अगं बया! साठ पिशव्या हायेत. एकेक पिशवी मी सोता पन्नास किलोची भरलीय. तीस व्हायला पायजे. माजा पाच क्विंटल कांदा वाटंत उडून गेला व्हय?"

मग काय, गर्दी जमली. कुणी म्हणालं, साठवणीच्या चाळीतला कांदा वाळतोच. "काल सांजच्याला भरलाय," आक्काबाई कडाडल्या, "रात्रीत काय कापूर झाला त्याचा?" कुणी यंत्राला चापट मारून बघितली. एकाने हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मेव्हण्याला फोन लावला आणि त्याचा सल्ला सगळ्यांना मोठ्याने सांगितला, बंद करून चालू करा. केलं. पंचवीसच. तिघे जण नीट बघायला म्हणून माझ्यावरच चढले आणि ओरडले, "राव, वाढतंय! वाढतंय!"

"उतरा आधी खाली," सना म्हणाली. "मावशींच्या कांद्यात तुमचं वजन जातंय."

लोक हसले, पण एक जण हळूच बोलला, "आकडा तर हीच सांगते ना. हिनंच काय केलं नसंल कशावरून?" हसू थांबलं. मित्रांनो, भुईकाट्यावर बसणाऱ्या माणसाचं नाव एकदा खराब झालं की त्या बाजारात त्याला पुन्हा कुणी बसवत नाही. सनाला ते माहीत होतं. समोर गॅरेजच्या दारात तिचे वडील हातातला पाना तसाच धरून उभे होते. मालोजींना ते बोलणं खरं वाटलं नव्हतं, पण वीस वर्षांचं नाव जाईल या भीतीने ते गांगरले.

"सना," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "खोलीची चावी दे."

तिने दिली. माझ्या पाठीवर तेव्हा साडेसहा हजार किलोची गाडी उभी होती, पण ती चावी मला त्याहून जड वाटली.

पण ती घरी गेली नाही. आक्काबाईंसमोर येऊन म्हणाली, "मावशी, एकदाच ऐका. जयदीपदादांना सांगा, गाडी चार हात पुढं घ्या. काकाच आकडा वाचतील."

आक्काबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घे रं पुढं," त्या म्हणाल्या.

गाडी पुढे सरकली. मालोजींनी आकडा वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. "सत्तावीस?"

"तीच गाडी, तोच कांदा, आणि आकडे दोन," सना म्हणाली. "म्हणजे काटा कुठंतरी टेकलाय, थोडं वजन चौकटच पेलतेय." ती पोटावर आडवी झाली, मोबाइलची बॅटरी लावली, झेंडू बाजूला सारला. इकबालभाईंनी गॅरेजमधून लांब हूक आणून दिला. थोड्या वेळाने आधी करवंटी निघाली, कुंकू लागलेली. मग दगडाचा टवका.

मालोजी तो टवका तळहातावर घेऊन उभे राहिले.

गाडी पुन्हा जागेवर घेतली. तीस क्विंटल, वर पंधरा किलो. आक्काबाईंनी पदराने सनाच्या कपाळाची माती पुसली. "मालोजी, पोरीला बोल लावताना एकदा खाली तरी बगायचं," त्या म्हणाल्या. मालोजींनी चावी पुढे केली.

सनाने ती घेतली नाही. "काका, सकाळी दोन ट्रक चुकीची चिठ्ठी घेऊन गेलेत."

"आता कुणाला कळणार हाय?" मालोजी पुटपुटले. सनाने हात मागेच ठेवले. मग त्यांनीच खिशातून फोन काढला. सगळ्या गर्दीदेखत दोन्ही ड्रायव्हरना सांगितलं, "परत या. वजन चुकलंय. पोरीची चूक न्हाई, माझी हाय." तेव्हा कुठे तिने चावी घेतली.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत असं मी म्हणत नाही. लोखंडालाही माया कळते. पण ज्याच्यावर माया करता ते चालतं कशामुळे, एवढं एकदा विचारून घेत जा. घरातली यंत्रं असोत, रस्ते असोत की माणसं, बिघडलेलं बहुतेक खालच्या बाजूला असतं आणि तिथे बघायला वाकावं लागतं. वाकायला लाज वाटत असेल, तर निदान जी रोज वाकून बघते तिच्या हातातली चावी तरी काढून घेऊ नका.