परत येणारा आकडा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावरही माणसे दाटीवाटीने उभी होती. व्यासपीठावरच्या पडद्यावर एकच संख्या झळकत होती : ९,९९,९८३. अंकगुरू तिला 'अखंड अंक' म्हणत. हिला कोणी भागू शकत नाही, सबब हिच्या आश्रयाला आलेला देह रोगाला भंगवता येत नाही, असा त्यांचा सिद्धान्त. अशा तर्कापुढे तर्कशास्त्रानेच हात टेकावेत.

विधी सोपा होता. रुग्णाने वय सांगायचे. अखंड अंक जितका, तितक्या वेळा ते वय मांडून संगणक त्यांचा गुणाकार करी. त्या अजस्र गुणाकाराला अखंड अंकाने भागले, की बाकी उरे नेमके तेच वय. आकडा परत आला, आता माणूसही परत येणार, असे गुरू सांगत आणि लोक डोळे पुसत. आजवर एकाचाही आकडा बुडालेला नाही, हा त्यांचा अभिमान होता.

माझ्या ताईचा आकडा, एकेचाळीस, परत आला तेव्हा भाऊजींनी तिथूनच रुग्णालयाला फोन करून दुसऱ्या दिवशीची शस्त्रक्रिया रद्द केली. तिच्या स्तनातली गाठ मात्र होती तिथेच होती. मी गणित शिकवते, याची मी त्यांना आठवण करून दिली.

"तुझं गणित पुस्तकातलं. हे वरचं आहे," ते म्हणाले.

मी व्यासपीठावर गेले आणि बावन्न टाकायला सांगितले. बाकी उरली बावन्न. टाळ्या पडल्या. रुग्ण कोण, असे गुरूंनी मायेने विचारले.

"माझी आई. अशाच गाठीने आठ वर्षांपूर्वी गेली. आकडा तर आला. ती कधी येते?"

टाळ्या थांबल्या. अश्रद्धांची अंक थट्टा करतो, असे गुरू पुटपुटले. मी लोकांकडे वळले. एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला कोणी नि:शेष भागत नाही, ती मूळसंख्या. गुरूंचा अखंड अंक ही अशीच एक मूळसंख्या, आणि पाच हीसुद्धा. दोन पाच वेळा मांडून गुणा : बत्तीस. पाचाने भागा, बाकी दोन. तीन घ्या : दोनशे त्रेचाळीस, बाकी तीन. आपल्याहून लहान प्रत्येक आकडा मूळसंख्या अशीच परत करते. हे शतकांपूर्वी सिद्ध झाले आहे. गुरूंनी एवढी मोठी निवडली, ती कोणी हाताने पडताळू नये म्हणून.

जिन्यावरून एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारले, "म्हणजे माझ्या मांजराचं वय टाकलं तरी येईल?"

"येईल. तुमच्या मशीनचंही येईल."

कोणीतरी हसले, मग बरेच जण हसले. ताई मात्र हसली नाही. ती उठली. लोक बघतायत, बस खाली, असे भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू देत. फोन द्या इकडे. रद्द तुम्ही केलंत. मला कुणी विचारलं नव्हतं."

तिने सर्वांसमोर रुग्णालयाला फोन लावला आणि उद्याची वेळ परत मागितली. ती अजून कोणाला दिलेली नव्हती.

जिवंताला आणि मृताला जे एकच उत्तर देते, ते दोघांपैकी कोणालाच ओळखत नसते. म्हणून चमत्कार दिसला, की ज्याचे उत्तर 'नाही' यायलाच हवे असा एक प्रश्न त्याला विचारा. आणि तोवर औषध थांबवू नका.