मनोऱ्यावरची पाटी आणि निळी

सेराफिनने बावीस वर्षं दोनच गोष्टी जिवापाड जपल्या होत्या, चर्चची घंटा आणि मनोऱ्यातली कबुतरं. १९१४च्या शरदात लढाई फ्लँडर्समधल्या त्याच्या गावाशी येऊन ठेपली आणि चर्चमध्ये चाळीस जखमी येऊन पडले. मग फादर लिव्हेन्सनी मनोऱ्यावर भलीमोठी पाटी चढवली. तिरपी दुभागलेली, वर काळी, खाली पांढरी.

"पूर्वी गाव जिंकलं की जाळायचं, हाच कायदा," फादर म्हणाले. "सात वर्षांमागे हेगला देशोदेशींचे लोक बसले, भांडभांड भांडले, तेव्हा एवढं तरी पदरात पडलं. ही पाटी दिसली की तोफ डागायची नाही. अट एकच, आत लष्कराचं काही चालता कामा नये."

"आणि माझी कबुतरं?"

"सैन्याची डाक आणायला लागली, तर पाटी गेली उडत!"

सेराफिनने दोन दिवस विचार केला आणि जड मनाने सहाच्या सहा कबुतरं आपल्याच सैन्याच्या कॅप्टनला देऊन टाकली. मनोरा मोकळा, कटकट मिटली.

फिलोमेनाने, त्याच्या बायकोने, कपाळावर हात मारला. "अहो देवमाणसा! जन्मभर शिकवलंत काय त्यांना? कुठूनही सोडा, घरी यायचं! आता पायाला चिठ्ठ्या बांधून इथंच येतील की!"

तरीच कॅप्टन एवढा हसत होता! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. सेराफिन धावत गेला, तर पलटण टोपल्यांसकट पुढे निघून गेलेली. परत येऊन त्याने कबुतरखान्याच्या झरोक्यावर फळ्या ठोकल्या.

गुरुवारी दुपारी पांढरं निशाण घेऊन शत्रूचा अधिकारी मनोरा तपासायला आला. वर चढला, कोपरान् कोपरा पाहिला, खाली चौकात येऊन कागदावर लिहू लागला. तेवढ्यात पंख फडफडले.

निळी! सेराफिनची सगळ्यात लाडकी. झरोक्याच्या फळ्यांवर दोनदा धडकली आणि शेवटी पाटीच्या कडेवर येऊन बसली. तिच्या पायाशी काहीतरी चकाकलं. चिठ्ठीची नळी.

"कुणाचं पाखरू?" अधिकाऱ्याने मान वर केली. त्याच्या गळ्यात दुर्बीण होती.

"कुणाचं नाही, साहेब. वाट चुकलेलं दिसतंय."

निळीने आवाज ओळखला. मान वाकडी करून ती खाली बघू लागली. आता ही खांद्यावर येऊन बसणार! आत चाळीस माणसं होती. सेराफिनने वाकून दगड उचलला.

पहिला दगड भिंतीला लागला. निळी जरा सरकली, एवढंच. त्या हातातून तिला आजवर दाणेच मिळाले होते. अधिकारी हसला, त्याचा हात दुर्बिणीकडे गेला.

दुसरा दगड सेराफिनने नेम धरून मारला.

ती पडली नाही. तिरपी होऊन छपरांवरून समुद्राकडे गेली. अधिकाऱ्याने कागद घडी करून खिशात टाकला. "पाटी राहू दे," म्हणाला आणि गेला.

चर्चवर एकही गोळा पडला नाही. पंधरा दिवसांनी जखमींना बोटीने हलवलं, त्याच दिवशी सेराफिनने फळ्या उखडल्या आणि वाटाण्यांचा डबा खुळखुळवला.

निळी आली. एक पंख लोंबत होता, पायातली नळी कुठेतरी गळून गेली होती. सेराफिनने ओंजळ पुढे केली, तशी ती दचकून मागे सरली. फिलोमेनाने हात पुढे केल्यावर मात्र मुकाट्याने टिपू लागली.

"येईल हो तुमच्याकडेही," फिलोमेना म्हणाली.

"नाही आली तरी तिचं चुकलं नाही," सेराफिन म्हणाला आणि डबा बायकोच्या हातात देऊन घंटेकडे गेला.