नऊ नंबरचं गाऱ्हाणं

थांबा रे, फोटो नंतर बघा, आधी ऐका! तुम्हा कोल्हापूरवाल्यांना वाटतं फुटबॉल तुमच्या पेठांतच जन्मला. आमच्या धामापूरच्या सड्यावर या एकदा. जांभ्याची तांबडी जमीन, पडलात की गुडघ्याचं सालपट तिथेच राहतं. त्या सड्यावर कप आणलाय आम्ही! आणि कोणी आणला विचाराल तर मी आमच्यातल्या कोणाचंच नाव घेणार नाही. शौनक सरांनी आणला.

कोच नव्हे, मॅनेजर. कोच शिट्टी मारतो. मॅनेजर ठरवतो कोण आत, कोण बाहेर, कोण कायमचा घरी. आमची जिल्ह्याची लीग पगारी झाली, प्रत्येक टीमला मालक आला, आणि गेल्या वर्षी आम्ही शेवटून पहिले आलो तेव्हा आमच्या मालकाने सावंतवाडीहून हा माणूस आणला. पांढरे बूट घालून! सड्यावर! आणि शप्पत, अख्खा सीझन त्या बुटांवर तांबडा डाग बघितला नाही मी.

सुरुवातीला नुसते बघत बसले.  मग एका संध्याकाळी आमचा गोली बाबली, हा असा आडवा, गावाचा लाडका, त्याच्या हातात त्यांनी हवा भरायचा पंप दिला. म्हणाले, "बाबली, आजपासून हवा तुमच्याकडे." बाबली हसला. त्याला वाटलं त्या दिवसापुरतं असेल. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर गोलात पेडण्याचा एक उंच पोरगा, आणि हातात बाबलीचेच ग्लोव्हज! बाबली पंप घेऊन उभा. आम्ही काय केलं? हसलो. खूप हसलो रे!

मग दोघे भाऊ होते, एकमेकांनाच पास द्यायचे. सरांनी एकाला ठेवलं आणि दुसऱ्याला इन्सुलीच्या टीमला देऊन टाकलं. त्यांची आई एकाच चुलीवर दोन दुश्मन टीमचं जेवण करायला लागली. मी सरांना विचारलं, सर, त्या दुसऱ्याचं काय चुकलं? तर म्हणाले, "काहीच नाही. मी माणसं निवडत नाही. मी जागा भरतो."

आता मंगेश. मंगेश म्हणजे टीमच. सड्यावरचे दगड वेचून मैदान केलं ते मंगेशने, टीम उभी केली मंगेशने, माझ्यासारख्याला राइट बॅक केलं मंगेशने. नऊ नंबर. आमचे सगळे गोल त्याचेच. त्याचं एकच होतं, गोव्यातल्या मोठ्या क्लबात खेळायचं. आणि औंदा लीगच्या फायनलला गोव्याची माणसं बघायला येणार म्हणून कळलेलं. सव्वीस वर्षांचा झालाय, अजून किती थांबणार?

सरांनी काय बघितलं माहितीय? की आम्ही बॉल मंगेशला देतो आणि उभे राहून बघतो. आणि समोरची टीम तिघांना त्याच्या अंगावर घालते की संपलो आम्ही. खोटं नव्हतं रे ते! पण मंगेशला काढलं असतं तर अख्खी टीम घरी गेली असती. मग काढायचं कसं?

तुमच्याकडे गाऱ्हाणं नसतं ना? आमच्याकडे कसलंही काम सुरू करायचं तर आधी राखणदाराला नारळ. राखणदार म्हणजे जागेचा देव. सड्याच्या कडेला वडाखाली आहे आमचा. गावचा जाणता माणूस, आमच्यात शंकरकाका, तो हात जोडून देवाला एकेक मागणं सांगतो आणि बाकी सगळे ओरडतात, "व्हय महाराजा!" पोटात असल्यापासून ऐकलेलं असतं आम्ही. काका "महाराजा" म्हणाला की तोंड आपोआप उघडतं. काय मागितलं ते कोण ऐकतो?

सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सर काकांच्या ओट्यावर बसलेले दिसले. आम्हाला वाटलं, वा, शहरातला माणूस पण मान देतो म्हाताऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सगळी टीम वडाखाली. काका सुरू झाले.

"बा देवा राखणदारा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तेंचे हातपाय सांभाळ, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"जो कोण वाकडी नजर टाकीत, तेची नजर तेच्याच पायाखाली घाल, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि तुझो हो झील मंगेश, टीमीच्या भल्यासाठी आपली जागा सोडून, तू मोकळो करीसर भायर उबो रवतलो, तेचो शब्द पदरात घे, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? मंगेशचा! दर वर्षी त्याचाच असतो. नारळ फुटला आणि मग डोक्यात शिरलं, देव मोकळा करेपर्यंत मंगेश टीमबाहेर! सर पुढे आले, दोन्ही हातांत त्याचा हात घेतला. "मंगेश, धन्यवाद. टीमसाठी एवढं कोणी करत नाही."

"सर, मी असा खंय म्हटलंय?"

"आत्ताच. राखणदारासमोर. सगळ्यांनी ऐकलं."

मंगेश काकांकडे बघतो, काका मंगेशकडे. काका म्हणाले, "अरे, माका तेंनी सांगल्यानी, ही तुझीच इच्छा आसा म्हणान!"

तो घरी गेला तर त्याची आई, शेवंतीकाकी, दारातच उभी. बातमी आधीच पोचलेली. म्हणाली, "देवाक शब्द दिलंस तो दिलंस. मोडलंस तर पायच मोडतलो तुझो." सरांना एकही शब्द वाढवून बोलावा लागला नाही. आईनेच काम केलं!

दुसऱ्या दिवसापासून मंगेश पाणी आणायला. बाबली पंपावर हनुवटी टेकून म्हणतो, "ये रे मेल्या, एकट्याक कंटाळोच येय होतो माका." सगळे हसले. मंगेशपण हसला.

आणि ऐका, आम्ही जिंकायला लागलो! खरंच! बॉल द्यायला मंगेश नाही म्हटल्यावर प्रत्येकाला स्वतः पळावं लागलं. गंधार, एवढासा पोरगा, गोल मारायला लागला. मी मारला रे एक! मंगेशला काकांनी सांगितलेलं, शब्द सोडवून घेता येतो, पण ज्यांनी व्हय म्हटलं त्या सगळ्यांनी परत वडाखाली उभं राहून व्हय म्हणायला हवं. मंगेश रोज विचारायचा, "आज येतात काय रे?" आणि रोज कोणाचं तरी काहीतरी. उद्या बघू. मॅच झाल्यावर बघू. जिंकतोय तर कशाला हलवायचं?

फायनल कुडाळला, समोर इन्सुली. गोव्याची दोन माणसं खुर्च्यांवर. एक-एक गोल झालेला, थोडाच वेळ राहिलेला, आणि आमच्या जितेंद्रचा पाय मुरगळला. पब्लिक पेटलं. "मेल्यांनो, मंगेशाक घाला रे!" शेवंतीकाकीने तोंडावर पदर घेतला. आणि सर वळले, मंगेशला म्हणाले, "वॉर्म अप कर."

काय सांगू तुम्हाला त्याचं तोंड! पाण्याची कॅन टाकली, ट्रॅकपँट ओढून काढली. आत बूट, मोजे, शिनगार्ड, सगळं घातलेलं! अख्खा सीझन तो तसाच घालून यायचा, आम्हाला तेव्हा कळलं. शब्दाचं काय, असं त्याने सरांना विचारलं. सर म्हणाले, "ते माझ्यावर." लाइनीवर तो असा धावला, असा धावला! इन्सुलीचा कोच बोंबलायला लागला, "नऊ येता! नऊक बघा!" त्यांचे दोन बॅक लाइनीकडे सरकले. आणि मध्ये हे एवढं रिकामं. गंधार आत घुसला. गोल!

आम्ही एकमेकांच्या अंगावर पडलो. उठून बघतो तर मंगेश अजून धावतोय. जितेंद्रच्या जागी दुसराच उतरलेला. सरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. शिट्टी होईपर्यंत धावत होता रे तो! काय डोकं आहे बघा त्या माणसाचं! न खेळवता खेळवला!

पण गोव्याच्या एकाने ते धावणं बघितलं. जाताना मंगेशला म्हणाला, "पुढल्या वर्सा खेळशीत? हांव येतलों पळोवपाक." पुढल्या वर्षी बघायला येणार, मंगेश गाडीत तेच तेच सांगत होता सगळ्यांना. आम्ही पाठ थोपटली त्याची.

रविवारी कप घेऊन वडाखाली. या वेळी मंगेशने स्वतः नारळ आणलेला, टीम अख्खी हजर, कोणाचं काही नाही. काकांनी हात जोडले.

"बा देवा राखणदारा, तुया आमची लाज राखलंस, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"पुढल्या वर्सा हेच्याहून मोठा यश दी, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि तुझ्या ह्या लेकराक, मंगेशाक, दिलेल्या शब्दातून आता मोकळो कर, महाराजा!"

सर मागे उभे होते, पांढऱ्या बुटात, कप काखेत.  गंधार त्यांच्याकडे बघत होता, मी गंधारकडे, बाबली पंपाकडे.

"व्हय महाराजा!"

एकटाच. मंगेश. मोठ्याने, नेहमीसारखा.

काका थांबले. परत म्हणाले, हळू. परत मंगेश एकटाच.

मग सर म्हणाले, "चला, प्रसाद वाटा." नारळ मंगेशनेच फोडला, खोबरं त्यानेच सगळ्यांच्या हातावर ठेवलं, माझ्यापण. गोड होतं रे. हा बघा, हा फोटो तेव्हाचाच.