नेतृत्वगटात मुंगी नाही

शाळेत कुठलाही फॉर्म आला की तो ऑफिसच्या बाईंनी भरायचा, ही एकतीस वर्षांची रीत. रजेचा असो, विम्याचा असो, "बाई, तेवढं भरून टाका ना," म्हटलं की मास्तरमंडळी मोकळी. नव्या मोठ्या सरांनी प्रशिक्षक बोलावून नेतृत्वगटातल्या पाच जणांना स्वभाव ओळखायचे कागद वाटले. चाळीस प्रश्नांचे ते पाचही कागद दुपारपर्यंत बाईंच्या टेबलावर येऊन पडले.

"अहो सर, यात तुमच्या मनातलं विचारलंय," बाई गणिताच्या सरांना म्हणाल्या.

"माझ्या मनातलं तुम्हाला ठाऊकच आहे की!" सर चहाला पळालेसुद्धा.

ते खोटं नव्हतं. बाईंनी पेन्सिलीला टोक केलं. पण जीव टांगणीला लागला होता. चाचणीत जो 'मुंगी' निघेल, म्हणजे नेटका आणि चिकाटीचा, त्याच्याकडे यंदा वेळापत्रक जाणार होतं. ते आजवर बाईंचं. भला मोठा पुठ्ठा, त्यावर रंगीत टाचण्या. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली म्हणून त्याला पहिला तास नको, कुणाचा आवाज जेवणानंतर बसतो, कुठल्या दोघींचे वर्ग शेजारी आले की वादावादी होते, हे सगळं त्या टाचण्यांना माहीत. बाईंनी पाचही जणांत अगदी इमानाने मुंगी शोधली. एकही सापडली नाही. बाईंना हायसं वाटलं.

शुक्रवारी निकाल वाचला गेला. बाई कोपऱ्यात बसून सभेची नोंद लिहीत होत्या.

"गणिताचे सर, तुम्ही मोर," प्रशिक्षक म्हणाले. "तुमची प्रेरणा टाळ्या. तुमची भीती, पालकांसमोर हिशेब चुकण्याची."

"कमाल आहे! हे आमच्या घरीसुद्धा कुणाला माहीत नाही!"

"शास्त्र आहे, सर." प्रशिक्षक गालात हसले. "पण तुमच्या गटात मुंगी नाही. मग ज्याच्यात मुंगी सर्वांत कमी, त्यालाच वेळापत्रक द्यायचं. म्हणजे तो गुण वाढतो."

पुठ्ठा गणिताच्या सरांच्या हाती गेला. टाळ्या पडल्या.

"सर, माझाही एक कागद भरून पाहिला असता तर..." बाई चाचरत म्हणाल्या.

"तुम्ही नेतृत्वगटात कुठे आहात, बाई?" मोठे सर अगदी मायेने म्हणाले.

सोमवारी सातवी ब मध्ये तीन शिक्षक एकाच फळ्यासाठी भांडत होते आणि मैदानात चार वर्ग वाऱ्यावर होते. तिसऱ्या तासाला गणिताचे सर पुठ्ठा काखेत मारून ऑफिसात आले.

"बाई, तेवढं..."

"मोराचं काम आहे ते." बाईंनी मान वर केली नाही.

"अहो, टाळ्यांसाठी घेतलं मी! तुम्हीच लिहिलंत ना तसं?"

बाईंनी खणातून एक कोरा कागद काढला. तेच चाळीस प्रश्न. "आधी हा भरा. माझा. तुमच्या अक्षरात."

सर खुर्चीत टेकले. पहिलाच प्रश्न वाचून डोकं खाजवू लागले.

"बाई, तुम्हाला कामात आनंद कशाने होतो हो?"

"एवढंसुद्धा मीच सांगू?"

बाईंचे हात केव्हाच पुठ्ठ्याकडे गेले होते. सातवी ब मधल्या दोन टाचण्या त्यांनी उपसल्या, एक ओठांत धरली, दुसरी जागेवर खोचली. सर त्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि नोकरीत पहिल्यांदाच एक रकाना स्वतः भरला.