ऑर्गन हवा खातो

भुसारीकाकांच्या ऑर्गनमधले पितळी सूर मी काढून घेतले. कल्पना विश्वास केतकरांची होती, पण हात माझे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे सांगताना मी स्वतःला हळूच बाजूला सरकवीन. तशी सवय मला आहे.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मराठी लोकांचं ललितरंग मंडळ होतं. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत आमचा हंगाम चालायचा. तीन संगीत नाटकं, दोन गाण्याच्या मैफली, कम्युनिटी हॉलच्या चारशे खुर्च्या. नारायण भुसारी कारखान्यात, तापलं लोखंड ठोकतात त्या फोर्ज शॉपमध्ये चार्जमन होते आणि मंडळ निघालं तेव्हापासून ऑर्गन तेच वाजवायचे. तो ऑर्गनही त्यांनीच नागपूरच्या एका बंद पडलेल्या नाटक कंपनीकडून ट्रकमध्ये घालून आणलेला. मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. मला पेटी वाजवायला आणि उघडून दुरुस्त करायलाही त्यांनीच शिकवलं. सहा वर्षं मी त्यांच्या क्वार्टरमध्ये जात होतो, सिंधूकाकूंच्या हातचं खात होतो.

सव्वीस वर्षं हॅमरच्या दणदणाटात काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. काका आमच्या ओठांकडे बघून बोलायला लागले होते. त्या वर्षी तालमीत वसुधा, म्हणजे त्यांची मुलगी, तान घेत असायची आणि हे पुढच्या ओळीवर जाऊन पोचलेले. ऑर्गनचे तीन सूर उतरले होते, त्याचा त्यांना पत्ता नव्हता. आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, असं मात्र त्यांना वाटत होतं.

केतकर पुण्याहून बदली होऊन आलेले मोठे इंजिनियर, त्या वर्षी मंडळाचे कार्यवाह झाले होते. त्यांनी वसुधाला आणि मला घरी बोलावलं. वसुधा एम. पी. नगरमधल्या एका बँकेत होती. चोवीस वर्षांची. पहिल्यांदाच नायिकेचं काम मिळालं होतं तिला.

"नारायणरावांच्या साथीवर हे नाटक उभं राहणार नाही," केतकर म्हणाले. "तुझं काम वाया जाईल."

"बाबांना काढू नका," वसुधा म्हणाली. "सहन नाही होणार त्यांना."

"मग काढायचंही नाही आणि ठेवायचंही नाही." केतकर माझ्याकडे वळले. "त्यांनी बसायचं, वाजवायचं. ऑर्गनमधून आवाज येणार नाही. तू विंगेत हार्मोनियम घेऊन बैस. माइक तुझ्यासमोर. त्यांना कसं कळणार?"

वसुधानं समोरचा चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "हेमंत, तू माझ्याकडे बघून वाजव. त्यांच्याकडे बघू नको."

म्हणजे ठरलंच.

दुसऱ्या दिवशी हॉलची किल्ली घेऊन मी ऑर्गनची मागची फळी उघडली. पितळी सूर आकड्यानं एकेक ओढून बाहेर काढले, शंभराच्या वर होते, आणि बुटांच्या खोक्यात भरून केतकरांकडे दिले. एकही वाकवला नाही. आम्ही एका म्हाताऱ्या माणसाचं मन जपतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. आता या मंडळाचा साथीदार मी, हेही मला आत कुठेतरी गोड लागत होतं.

पहिला प्रयोग सुरेख झाला. वसुधाच्या दोन पदांना वन्समोअर मिळाला. काका स्टेजखाली डाव्या बाजूला ऑर्गनवर बसले होते, मान डोलावत, मुलीच्या ओठांकडे बघत. प्रयोग संपल्यावर लोक त्यांना भेटायला आले. "काय साथ केलीत, वा!" ते अगदी लाजले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "हेमंत, ऑर्गन हवा खातो रे आजकाल. काहून? भाता भरतच नाही. पाय मारून मारून जीव गेला."

सूर नसल्यावर पट्टी दाबली की हवा नुसती आरपार जाणार. कितीही पाय मारले तरी थोडेच.

"जुना झाला, काका," मी म्हणालो.

हे मी केतकरांना सांगितलं. केतकरांनी ते कॅन्टीनमध्ये सांगितलं. आठवड्याभरात ते सगळ्या टाउनशिपमध्ये पसरलं. कुणी दमला की म्हणायचं, "ऑर्गन हवा खातो रे!" दुसऱ्या नाटकाला डावीकडच्या पहिल्या दोन रांगा आधी भरल्या. अरेरा कॉलनीतून, शाहपुऱ्यातून कधी न येणारी माणसं आली. कुणी कुणाला कोपरानं ढोसून दाखवत होतं, "अरे देखो, वो रहे." काका घामाघूम होऊन पाय मारत होते आणि बिनआवाजाच्या पट्ट्यांवरून त्यांची बोटं धावत होती. लोक तोंडावर रुमाल धरून हसत होते. लोक हसताहेत हे काकांना दिसायचं. नाटकातल्या विनोदाला हसताहेत, असं वाटून तेही हसायचे.

तिसऱ्या नाटकापर्यंत त्यांच्या पोटऱ्या सुजल्या. वसुधा रोज त्यांच्यासमोर गरम पाण्याचं घमेलं नेऊन ठेवायची. ती मला एकदा म्हणाली, "पाणी ठेवते तेव्हा ते माझ्या डोक्यावर हात ठेवतात. नको वाटतं रे." पण थांबवू या असं ती म्हणाली नाही, आणि मीही नाही.

शेवटची मैफल फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती. सकाळी मी हॉलवर गेलो तर काका हत्यारांची पिशवी घेऊन पायरीवर बसलेले.

"भाता कुठेतरी फाटलाय. आज उघडून बघतोच. चामडं आणलंय मी."

"राहू द्या ना काका, आज शेवटचाच दिवस."

"किल्ली दे."

ते वरिष्ठ कामगाराच्या आवाजात बोलले. मी किल्ली दिली. त्यांनी चार स्क्रू काढून फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि आत वाकून पाहिलं. मग एका रिकाम्या खाचेत बोट घातलं. दुसऱ्या. तिसऱ्या. शेवटपर्यंत जात राहिले.

"खाचेला ओरखडा नाही कुठे," ते म्हणाले. "ज्यानं काढले त्याचा हात चांगला आहे." मग माझ्याकडे बघितलं. "मीच शिकवलं होतं, नाही?"

मी मान हलवली.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"आणि वाजवायचं कोण?"

"मी. विंगेतून."

त्यांनी माझ्या ओठांवरून डोळे हलवले नव्हते. "वसूला माहीत आहे?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द, नाही. कुणाचं काही गेलं नसतं. पण सगळा भार माझ्या एकट्यावर राहिला असता, आणि तो मला नको होता.

"हो," मी म्हणालो. "तिला विचारूनच केलं."

काकांनी फळी परत लावली. चारही स्क्रू सावकाश घट्ट पिळले. पिशवी उचलली.

"सातला ना?" एवढंच विचारून ते गेले.

मी केतकरांना हे सांगितलं नाही. वसुधालाही नाही.

सातला हॉल गच्च भरला. काका पांढरा लेंगा-झब्बा घालून आले आणि ऑर्गनवर बसले. पहिल्या भागात रोजच्यासारखेच वाजवत राहिले. मध्यंतरानंतर केतकरांनी त्यांना स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. तेही आधीपासून ठरलेलंच होतं. "ज्यांच्या सुरांवर आपला हंगाम तरला," केतकर म्हणाले, आणि पहिल्या रांगांत खसखस पिकली. सिंधूकाकू पाचव्या रांगेत होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या डोळे पुसत होत्या.

"दोन शब्द बोला, नारायणराव."

काकांनी माइक हातात घेतला.

"पुढचं पद माझी मुलगी गाईल. माझ्या ऑर्गनवर. आतमध्ये कुणी वाजवायचं नाही." ते विंगेकडे वळले. "हेमंत, तू बाहेर येऊन बैस. खुर्ची आहे समोर."

मी विंगेतून बाहेर आलो आणि चारशे लोकांदेखत पहिल्या रांगेत जाऊन बसलो. केतकर काहीतरी सारवासारव करायला पुढे झाले, पण काकांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शाल खांद्यावर तशीच ठेवून ते ऑर्गनवर जाऊन बसले आणि पाय मारायला लागले.

वसुधा माइकसमोर उभी होती. तबल्यावर आमचा दत्तू होता. त्यानं घाबरून हात मांडीवर घेतले.

"बाबा," ती म्हणाली.

"गा."

तिनं सुरुवात केली. घाबरल्यामुळे पट्टी फार वर लागली. पहिली ओळ कशीबशी निभावली, अंतऱ्यावर आवाज फाटला. ती थांबली, पुन्हा खालून सुरू केलं, पुन्हा चिरकली. खाली ऑर्गनच्या पायट्यांची खडखड आणि हवेचा फस्स फस्स आवाज, दुसरं काही नाही. एवढं हसणारी माणसं, आता एकजणही हसेना. काकांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. पण ते तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि जे चाललं होतं ते त्यांना नीट कळत होतं.

ती रडायला लागली. पाचव्या रांगेतून सिंधूकाकू ओरडल्या, "अहो, पुरे करा!" काका बघत राहिले. वसुधा आत निघून गेली तरी त्यांनी पद सोडलं नाही. उरलेल्या दोन्ही कडव्यांची बोटं पट्ट्यांवर फिरवली, शेवटचं ध्रुवपद घेतलं, मग झाकण लावलं आणि काकूंना घेऊन घरी गेले.

पुढच्या वर्षी केतकर पुण्याला परत गेले. मंडळानं नवा कार्यवाह निवडला आणि हंगाम ठरल्याप्रमाणे दसऱ्याला सुरू झाला. साथीला मीच होतो. माझं कौतुक झालं.

वसुधा मला पाच-सहा वर्षांनी भेटली, शाहपुऱ्याच्या तळ्याजवळ. लग्न केलं नव्हतं. काकू गेल्या होत्या. रिटायर झालेल्या वडिलांना घेऊन ती तिथे राहत होती. गाणं विचारायचा मला धीर झाला नाही. काकांचं विचारलं.

"बरे आहेत. कानाचं यंत्र घेऊन दिलंय. चांगलं ऐकू येतं. बातम्या ऐकतात, शेजाऱ्यांशी गप्पा मारतात."

"तुझ्याशी?"

"बोलतात की. जेवलीस का, बँकेत काय झालं, सगळं विचारतात." तिनं हातातली भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "विचारतात आणि यंत्र काढून टेबलावर ठेवतात. माझं बोलून झालं की परत लावतात."