हिरवं बाळ

मित्रांनो, मी एक जुनी रंगपाटी आहे. चित्रकार मला पॅलेट म्हणतात. भागोजी सुताराने मला फणसाच्या फळीतून कापलं, अंगठ्यासाठी भोक पाडलं आणि जवसाचं तेल पाजून गुळगुळीत केलं. रत्नागिरीच्या एका शाळेत हरिश्चंद्र नावाचे ड्रॉइंग मास्तर होते. त्यांनी मला बायकोसाठी, कमळाबाईंसाठी, करून घेतलं होतं.

कमळाबाईंचा हात मूळचाच चांगला. एकतीस साली मास्तर त्यांना तैलरंग शिकवू लागले. नकलेसाठी समोर एक छापील चित्र टांगलं. चारशे वर्षांपूर्वी इटलीत कुणी काढलेली मेरी आणि तिच्या मांडीवरचा बाळ येशू. "किरिस्तावांचा देव माझ्या घरात?" असं म्हणून सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, त्या खोलीत पाऊल टाकणंच सोडलं.

मेरीचा निळा पदर झकास उतरला. मग बाळाची पाळी आली.

"त्या काळी अंगाचा रंग एकदम देत नसत," मास्तर म्हणाले. "आधी हिरवट थर द्यायचा. तो वाळला की वर गुलाबी. मग अंगात रक्त असल्यासारखं वाटतं."

कमळाबाईंनी माझ्यावर हिरवा आणि सफेदा कालवला. बाळाला कपाळापासून पायांपर्यंत लावला. मग मागे सरून पाहिलं, आणि कुंचला त्यांच्या हातून गळून पडला.

राजापूरला, माहेरी, त्यांचं पहिलं बाळ जन्मलं ते याच रंगाचं. ते रडलंच नाही. आणि आता त्यांना पुन्हा आठवा महिना लागला होता.

"अहो, आत्ताच गुलाबी देऊ?"

"ओल्यावर दिलंस तर सगळा चिखल होईल. वाळेपर्यंत थांब."

पण दिवस श्रावणाचे. जिथे लुगडी वाळत नाहीत, तिथे तेल कुठलं वाळायला! कमळाबाई रोज सकाळी चित्राला बोट टेकवत. बोट हिरवं होई. ते पुसून त्या पोटावर हात ठेवून उभ्या राहत. कापड चिकटेल म्हणून चित्र झाकताही येईना. माझ्या अंगावरही तोच रंग होता, मित्रांनो. मला माझीच भीती वाटू लागली.

एके दिवशी सकाळपासून पोटातलं बाळ हललंच नाही. कमळाबाईंनी चित्रासमोरच बसकण मारली आणि सासूला हाक मारली. आनंदीबाई धावत आत आल्या आणि चित्र पाहून थबकल्या.

"अगो, असलं मढ्यासारखं लेकरू समोर घेऊन बसतेस?"

कमळाबाईंनी रडत सगळं सांगितलं. सासूने त्यांना गूळपाणी पाजलं. जरा वेळाने पोटात बारीकशी लाथ बसली. मग देव कुणाचा हे न विचारता आनंदीबाईंनी निखाऱ्यांची शेगडी आणून चित्रापुढे ठेवली. "वाळलं की जीव घाल त्याच्यात," त्या म्हणाल्या.

थर वाळला. कमळाबाईंनी माझ्यावर गुलाबी रंग कालवला. बाळाचा चेहरा उजळला, छाती, हात उजळले. पायांशी आल्या आणि कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते.

हौसा सुईण आली. शेजारच्या खोलीचं दार लागलं. मला कण्हणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. किती वेळ कुणाचाच आवाज नाही! आणि मग बाळाने टाहो फोडला.

आनंदीबाई बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक पडून. "पोरीचे पाय निळे आहेत," त्या मास्तरांना म्हणाल्या.

"सगळ्याच पोरांचे असतात हो!" हौसा आतून ओरडली. "ऊब लागली की होतील लाल."

आमच्या म्हातारीला, आनंदीबाईंना, धीर कुठला! ती तडक माझ्यापाशी आली. जिने मला कधी शिवलं नव्हतं, तिने माझ्यावरच्या गुलाबी रंगात बोट बुडवलं आणि चित्रातल्या येशूचे हिरवेच राहिलेले दोन्ही पाय माखून टाकले.

मास्तरांनी त्या पायांवर पुन्हा कुंचला फिरवला नाही. पोरीचं नाव विमला ठेवलं. संसार वाढला, शिकणं मागे पडलं, आणि मी कित्येक वर्षं लोणच्याच्या बरणीवर झाकण होऊन पडून राहिले.

मित्रांनो, काम झालं की रंगपाटी पुसून ठेवत जा. वाळलेल्या रंगाखाली आम्हा लाकडांचा जीव गुदमरतो. परवा विमला सुरी घेऊन मला खरवडायला बसली, तेव्हा बरं वाटलं. कडेला एक गुलाबी ठिपका आहे, त्यात म्हातारीच्या बोटाचा खळगा उमटला आहे. सुरी तिथवर आली की मी अजून घाबरते. तेवढा मात्र माझ्या अंगावर राहू द्या.